मीच बोलतोय

आमच्या घरचा फोन उचलून कुणी 'हॅलो' म्हटलं की पलीकडचा माणूस थबकायचा. बाप आहे की लेक, हे त्याला कळायचं नाही. काका तर सरळ विचारायचे, "मोठा की धाकटा?" माझा आवाज फुटला तेव्हापासूनचा हा घोळ. आईसुद्धा फसायची. एकदा तिनं मलाच बाबा समजून माझ्या परीक्षेच्या निकालाची साग्रसंगीत तक्रार केली होती. मी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी "बघतो मी त्याच्याकडे" म्हणून फोन ठेवला. आई गेल्यावरही बाबा ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे आणि दर वेळी हसून हसून डोळे पुसायचे.

कान तपासणं हा माझा धंदा. कानाच्या एका दवाखान्यात मी नोकरी करतो. तिथे काचेची एक बंद खोली आहे, आतून जाड गाद्यांनी मढवलेली. पेशंटला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बाहेरून बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आलं की त्यानं बटण दाबायचं. कितीतरी माणसं ऐकू न येताही बटण दाबतात. त्यांना लाज वाटते. मला ते बाहेर बसून कळतं, पण मी कुणाला तोंडघशी पाडत नाही, नुसता तोच आवाज पुन्हा सोडतो. हे सांगतोय ते शेखी मिरवायला नाही. पुढे मी जे ऐकलं ते नीट ऐकलं, एवढंच मला म्हणायचं आहे.

बाबा चाव्या बनवायचे. औषधाच्या दुकानाला खेटून त्यांचा चिंचोळा गाळा होता. शटर वर केलं की आत एक माणूस आणि एक मशीन मावायचं. मशीनच्या एका चिमट्यात मूळ चावी, दुसऱ्यात कोरी पट्टी. चालू केलं की चर्र आवाज करत पितळेचा भुगा उडायचा. बाबांचा एक हट्ट होता. ते नकलेवरून नक्कल काढून द्यायचे नाहीत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, "मूळ चावी घेऊन या" म्हणून परत पाठवायचे. का, तर नकलेत केसभर चूक असते, तिच्या नकलेत ती आणखी वाढते, आणि मग चावी कुलपात जाते पण फिरत नाही. यापायी गिऱ्हाइकं तुटली, शेजारचा औषधवाला त्यांना वेड्यात काढायचा, पण बाबा ऐकतील तर शपथ.

मग त्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला, पाय कसाबसा चालायला लागला, आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की भाषा जाते, एखादा शब्द तेवढा मागे राहतो. कुणाची शिवी राहते, कुणाला एखादा आकडाच म्हणता येतो. बाबांचं 'नाही' राहिलं.

चहा हवा का विचारलं की "नाही" म्हणायचे आणि डाव्या हातानं कप घ्यायचे. पंखा लावू का म्हटलं की "नाही", आणि लावला की बरं वाटून डोळे मिटायचे. दिवसभर त्यांच्याजवळ थांबायला एक मावशी येतात. त्या हे पहिल्याच आठवड्यात शिकल्या. विचारायचं, 'नाही' ऐकायचं आणि वर न बघता कप पुढ्यात ठेवायचा. बाबांना समजायचं मात्र सगळं. पेपरातलं व्यंगचित्र बघून ते योग्य ठिकाणी हसायचे.

त्यांच्या वतीनं बोलायला मी सुरुवात केली ती विजेच्या बिलावरून. बिल दुप्पट आलं होतं. पलीकडची मुलगी म्हणाली, "खातेदाराशीच बोलावं लागेल." मी म्हटलं, "देतो." रिसीव्हर मांडीवर ठेवला, बाबांकडे पाहिलं, पुन्हा उचलला आणि जरा खालच्या पट्टीत म्हणालो, "हो, मीच बोलतोय." बाबांचे खांदे हसून गदगदत होते. नंतर मला त्यांनी डाव्या हातानं टाळीसुद्धा दिली.

मग विमा झाला, फोन कंपनी झाली, पाणीपट्टी झाली. बाबांच्या खुर्चीशेजारच्या तिवईवर तो जुना फोन होता, तिथेच बसून मी बाबा व्हायचो. हळूहळू त्यांचं हसणं थांबलं. मी बोलत असताना ते मध्येच "नाही, नाही" करायला लागले. पलीकडच्याला ऐकू जाऊ नये म्हणून मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचो. आधी नुसता ठेवायचो. नंतर जरा दाबायला लागलो.

आमच्या दवाखान्याचे मालक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, त्यांनी धंदा आवरायचं ठरवलं. एके दिवशी मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "जागा, काचेची खोली, मशिनं, सगळं तू घे. महिनाअखेरपर्यंत हो म्हणालास तर तुझं. नाहीतर मी दुसऱ्याला शब्द देतो." मी आयुष्यभर दुसऱ्याच्या खुर्चीत बसून बटणं फिरवली आहेत. त्या दिवशी बसमध्ये बसायला जागा असूनही मी उभ्यानं घरी आलो.

माझ्या पगारावर एवढं कर्ज कुणी देत नव्हतं. बाबांच्या नावावर मात्र तो गाळा होता, मोक्याच्या जागी. तो तारण ठेवला, कर्ज बाबांच्या नावानं घेतलं, की काम झालं असतं.

मी बाबांना विचारलं नाही असं नाही. त्यांच्या खुर्चीसमोर उकिडवा बसलो आणि सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "नाही."

आता चहालाही ते नाहीच म्हणायचे. पण मी कानांचा माणूस आहे. चहाचं 'नाही' हलकं असायचं, शेवटी वर जायचं. हे 'नाही' खाली गेलं. आणि त्यांनी माझ्या शर्टाची बाही धरली होती, मी उठलो तेव्हा त्यांची बोटं मला सोडवावी लागली.

बायको स्वयंपाकघरात होती. मी तिला सांगितलं, "बाबा तयार आहेत."

"काय म्हणाले?"

"ते काय म्हणणार? नाही म्हणाले."

आम्ही दोघंही हसलो. भिंतीपलीकडे ते ऐकू गेलं असणार. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

बँकेचा अर्ज मी बाबांच्या आवाजात पुरा केला. चार दिवसांनी बँकेतल्या माणसाचा फोन आला. "काका, तुमच्या क्रेडिट फाइलवर फसवणुकीचा इशारा लागलाय. तो निघेपर्यंत आम्हाला पुढे जाता येणार नाही." मी त्याला इशारा वाचून दाखवायला सांगितला. त्यानं वाचला: "या व्यक्तीच्या नावाने, याच आवाजात, दुसरी व्यक्ती बोलते. प्रत्यक्ष भेट घेतल्याशिवाय कर्ज देऊ नये."

कुणी किती कर्ज घेतलं, कसं फेडलं, याची फाइल ठेवणारी एक कंपनी असते. आपल्या नावानं कुणी फसवेल अशी भीती असेल तर माणूस स्वतःच फोन करून असा इशारा लावून घेऊ शकतो. बाबांच्या फाइलवरचा इशारा असाच लागला होता, असं बँकेतल्या माणसानं सांगितलं. आदल्या दिवशी भर दुपारी, आमच्याच घरच्या फोनवरून. त्या दुपारी मी दवाखान्यात होतो, बायको तिच्या ऑफिसात. घरी बाबा आणि मावशी.

मावशींना विचारलं तर त्या उलट माझ्याकडेच बघायला लागल्या. "दादा, तुम्हीच तर आला होतात दुपारचे. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली उतरले तर बाबांच्या खोलीतून तुमचं फोनवरचं बोलणं चाललं होतं. मी म्हटलं, कामात आहेत, कशाला मध्ये जा."

"मला बघितलं तुम्ही?"

"बघायचं काय त्यात? आवाज ओळखत नाही का मी?"

मी बायकोला सांगितलं, कुणीतरी भामटा आहे, आपला नंबर वापरून फोन करतो, हल्ली असलं करता येतं. आणि खरं सांगतो, मला त्या भामट्याचा संताप आला. माझ्या बापाचं सोंग घेऊन बोलायची हिंमत होते कशी, असं मी तिच्यासमोर मोठ्यानं म्हणालो. बोलून झाल्यावर माझे कान गरम झाले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून मी त्या कंपनीला फोन लावला. बाबा शेजारी खुर्चीत होते. मी खांद्यावर हात ठेवला आणि सुरू झालो. इशारा मी लावलेला नाही, कुणीतरी माझ्या नावानं लावलाय, काढून टाका. पलीकडची बाई शांत होती. जन्मतारीख विचारली, जुना पत्ता विचारला, आईचं माहेरचं नाव विचारलं. मी सगळं धडाधड सांगितलं.

"आमच्याकडे त्या कॉलचं रेकॉर्डिंग आहे," ती म्हणाली. "ऐकवते. हा आवाज तुमचा नाही असं तुमचं म्हणणं असेल तर तशी नोंद करते."

आधी थोडी खरखर झाली. मग कुणीतरी घसा खाकरला.

बाबा कुठलीही महत्त्वाची गोष्ट सांगण्याआधी घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "लिहून घ्या." दुकानात पत्ता सांगतानासुद्धा. मी त्यांची नक्कल करताना हे कधीच केलं नव्हतं, मला सुचलंच नव्हतं.

"हो, मीच बोलतोय," रेकॉर्डिंगमधला आवाज म्हणाला. "लिहून घ्या."

झटक्याआधीचा आवाज होता तो. शब्द सुटे, स्वच्छ. 'स' म्हणताना पुढच्या दाताच्या फटीतून निघणारी बारीक शीळ होती, माझे दात सरळ असल्यामुळे ती माझ्या बोलण्यात नाही. मागे दुसरा एक आवाज होता, चर्र करून थांबणारा, पुन्हा चालू होणारा. तो मी लहानपणी गाळ्यातल्या खोक्यावर बसून रोज ऐकला आहे. गाळा बाबा पडले तेव्हापासून बंद होता आणि तिथली वीज मीच तोडायला लावली होती.

रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्या कुणा मुलीनं विचारलं, "ही दुसरी व्यक्ती कोण आहे, सांगू शकाल?"

"माझा मुलगा."

"त्यांच्याविरुद्ध तक्रार नोंदवायची आहे का?"

"छे, छे. चांगला आहे तो. माझं सगळं तोच बघतो." थोडा वेळ नुसतं मशीन ऐकू आलं. "फक्त, मी नाही म्हटलेलं त्याला ऐकू येत नाही."

रेकॉर्डिंग संपलं. माझ्या हाताखाली बाबांचा खांदा होता, हडकुळा, उबदार. ते खिडकीबाहेर बघत होते. रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणी त्याला "येऊ दे, येऊ दे" म्हणत होता, तिकडे त्यांचं लक्ष होतं.

"आवाज तर तुमचाच वाटतो," बाई म्हणाली.

तिथेच मी फोन ठेवायला हवा होता. ठेवून बाबांच्या पायाशी बसायला हवं होतं. पण महिनाअखेर आली होती, सरांनी सकाळीच पुन्हा विचारलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर दवाखान्याच्या दारावरची पाटी होती. मी बाबांच्या आवाजात म्हणालो, "तो मी नव्हे. इशारा काढा."

"मग आमची तपासनीस घरी येईल," ती म्हणाली. "इशाऱ्यातच प्रत्यक्ष भेट लिहिली आहे."

संध्याकाळी उजेड असतानाच मी गाळ्यावर गेलो. कुलूप गंजलं होतं, तेल सोडून उघडावं लागलं. शटर वर करताना औषधवाला बाहेर आला. म्हणाला, "पुन्हा चालू करताय का? परवा दुपारी मशीनचा आवाज आला, म्हटलं बरं झालं." मी म्हटलं, शेजारच्या बांधकामाचा असेल. तो म्हणाला, "असेल बुवा," आणि आत गेला.

आत सगळीकडे धुळीचा थर होता. फक्त मशीनखालच्या पाटावर पितळेचा भुगा पडला होता, पिवळाधमक. पितळ इतके दिवस उघडं पडलं की काळवंडतं. आत हवा कोरडी आहे म्हणून राहिलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. विजेच्या मीटरची जागा रिकामी होती, दोन वायरींची तोंडं काळ्या पट्टीनं बांधलेली. मी मशीनच्या मोटरवर तळहात ठेवला. ती कोमट होती. पत्रा उन्हानं तापला असेल, असंही मी सांगितलं असतं, पण त्या गाळ्यात ऊन कधीच येत नाही. मी शटर ओढलं आणि घरी आलो.

तपासनीस बाई आली ती साधी, दमलेली होती. चप्पल दारात काढून आली, पाणी मागितलं, बाबांना नमस्कार केला. ओळखपत्रावरचा फोटो आणि बाबांचा चेहरा ताडून बघितला. मी सकाळीच बाबांची दाढी केली होती, चांगला शर्ट घातला होता. त्यांनी मला सगळं करू दिलं होतं.

बाबा सगळ्यालाच 'नाही' म्हणणार आणि ते माझ्या पथ्यावर पडणार, हे मला ती पहिला प्रश्न विचारत होती तेव्हा जाणवलं. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता.

"काका, हा इशारा तुम्ही लावला होता का?"

"नाही," बाबा म्हणाले.

"आमच्याकडे तुम्ही फोन केला होता?"

"नाही."

"मग हा इशारा तुम्हाला ठेवायचा आहे का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले. कपाळावर घाम फुटला, मानेच्या शिरा ताणल्या गेल्या. त्यांना दुसरा शब्द काढायचा होता. मी ते बघत होतो. रोज काचेपलीकडे माणसं धडपडताना बघतो तसं बघत होतो, आणि माझ्याजवळ तोंड होतं. एकच वाक्य म्हणायला हवं होतं मी. बाई, हे सगळ्यालाच नाही म्हणतात.

"नाही," बाबा म्हणाले.

बाईनं लिहून घेतलं. मग जरा थांबून विचारलं, "फोनवर तर काका छान बोलत होते?"

"आज थकलेत," मी म्हणालो.

उजवा हात लुळा, म्हणून तिनं डाव्या अंगठ्याचा ठसा मागितला. बाबांनी मूठ वळली होती. मी ती उघडली, एक एक बोट. हात फार जड लागला. ठसा झाल्यावर मी त्यांचा अंगठा ओल्या फडक्यानं पुसला, तेव्हा ते डोळे मिटून बसले होते.

इशारा दोन दिवसांत निघाला. बायकोनं विचारलं, "बाबांचं सगळं नीट झालं ना?" मी म्हटलं, झालं. रात्री मी ताट अर्धं सोडून उठलो. ती म्हणाली, आनंदानं भूक गेली असेल. माझी काही तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

आता फक्त बँकेचा शेवटचा फोन उरला होता. अर्जदारानं रेकॉर्डवर 'हो' म्हणायचं, की कर्ज मंजूर. दुपारी करतो म्हणाले होते. मी घरी थांबलो. मावशी आत चहाचं बघत होत्या. बाबा खुर्चीत, मी तिवईपाशी स्टुलावर. ऊन खिडकीतून बाबांच्या पायांवर आलं होतं.

फोन वाजला. मी सवयीनं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि रिसीव्हर उचलला.

बँकेतल्या मुलीनं बाबांचं पूर्ण नाव घेतलं. "आपणच बोलताय ना?"

"नाही," मी म्हणालो.

ती हसली. "सॉरी, पुन्हा विचारते. आपणच बोलताय ना?"

मला 'हो' म्हणायचं होतं. जीभ कुठे टेकवायची, श्वास कसा सोडायचा, हे मला माहीत आहे. दवाखान्यात ऐकू न येणाऱ्या मुलांना मी ते शिकवतो. मी ओठ गोल केले.

"नाही."

"मग त्यांना फोन देता का?"

"नाही. नाही."

माझा आवाज मला दुरून आल्यासारखा ऐकू येत होता. मी घसा साफ केला, पाणी प्यायलो. पाणी नीट गिळता आलं. मी पुन्हा तोंड उघडलं आणि तोच शब्द बाहेर पडला.

मग माझ्या खांद्यावर हात आला.

आधी नुसता ठेवलेला. मग जरा दाबलेला. किती दाबला की माणूस गप्प होतो, ते मला माहीत आहे, तेवढाच.

मी मान वळवून बघितलं. तो उजवा हात होता.

डाव्या हातानं बाबांनी माझ्याकडून रिसीव्हर घेतला. माझी बोटं त्यांना सोडवावी लागली.

त्यांनी घसा खाकरला.

"हो, मीच बोलतोय," बाबा म्हणाले. "लिहून घ्या. कर्ज नको. गाळा तारण ठेवायचा नाही. अर्ज रद्द करा."

पलीकडून काहीतरी विचारलं असावं.

"आधी फोन घेतला तो? मुलगा माझा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या नजरेत, असता तर मला सोपं गेलं असतं. "इथेच बसलाय. त्याला आता बोलता येत नाही. त्याच्या वतीनं मीच बोलतो. समजतं मात्र त्याला सगळं."

त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. माझ्या खांद्यावरचा हात सुटला आणि मांडीवर जाऊन पडला, रोज पडलेला असतो तसा, बोटं आत वळलेली. ते खिडकीबाहेर बघायला लागले.

मी स्टुलावरून खाली उतरलो. त्यांच्या पायाशी बसलो, गुडघ्यांना हात लावला. मला म्हणायचं होतं, बाबा, चुकलो. पहिल्याच दिवशी ऐकू आलं होतं मला.

"नाही," मी म्हणालो. "नाही, नाही."

डाव्या हातानं त्यांनी माझ्या डोक्यावर दोनदा थोपटलं.

मावशी चहाचे दोन कप घेऊन आल्या. "बाबा, चहा?"

"नाही," बाबा म्हणाले आणि कप घेतला.

"आणि दादा, तुम्हाला?"

"नाही," मी म्हणालो.

मावशींनी वर न बघता कप माझ्या पुढ्यात ठेवला.